राजदूतांची मेजवानी, रेड क्रॉसची झोळी

४ फेब्रुवारी २०१७ रोजी फ्लॉरिडातील पाम बीच येथे अमेरिकन रेड क्रॉसचा साठावा ‘इंटरनॅशनल रेड क्रॉस बॉल’ पार पडला. स्थळ होते मार-ए-लागो क्लब. क्लबाचे मालक डोनाल्ड ट्रम्प दोनच आठवड्यांपूर्वी अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते आणि ते समारंभाला सपत्नीक हजर होते. त्याआधी आठ दिवस, २७ जानेवारीला, त्यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत येण्यास ९० दिवसांची आणि सर्व निर्वासितांना १२० दिवसांची बंदी घालणारा आदेश काढला होता. आदल्याच दिवशी सिएटलमधील एका संघीय न्यायाधीशाने त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली होती. संध्याकाळी पाम बीचमध्ये निदर्शकांचा मोर्चा निघाला. आत मात्र शेपटीचे कोट, पदके आणि हिऱ्यांचे टियारा अशा थाटात, संकटग्रस्तांना मदत करणाऱ्या जगातील सर्वांत परिचित चिन्हाच्या नावाने मेजवानी चालू होती.

या एका संध्याकाळमुळे जुना प्रश्न नव्याने पुढे आला. राजदूतांना सन्मानाने बोलवायचे, धनिकांना महागडी तिकिटे विकायची आणि जमलेला पैसा सत्कार्याला द्यायचा, या वार्षिक सोहळ्यांतून खरोखर काय साधते? ‘सगळा देखावा’ म्हणून ते उडवून लावणे सोपे आहे आणि ‘शेवटी पैसा गरिबालाच मिळतो ना’ म्हणून त्यांची पाठराखण करणे त्याहून सोपे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून दोन्ही नीट तपासायला हव्यात.

आधी या समारंभाचा इतिहास. तो सुरू केला मार्जोरी मेरिवेदर पोस्ट यांनी, १९५७ मध्ये. धान्यप्रक्रियेच्या मोठ्या उद्योगाच्या त्या वारसदार, आणि त्यांचे तिसरे पती जोसेफ डेव्हिस हे १९३६ ते १९३८ या काळात सोव्हिएत संघात अमेरिकेचे राजदूत होते. मॉस्कोतील त्या वास्तव्यामुळे मुत्सद्द्यांचे जग त्यांना आतून माहीत होते. पाम बीचच्या हिवाळी हंगामात तिथे पैसा भरपूर असतो, पण राजधानीचे वलय नसते. पोस्टबाईंनी ते वॉशिंग्टनहून आणले. परदेशांचे राजदूत सन्माननीय पाहुणे म्हणून येणार, म्हटल्यावर तिकिटांना गिऱ्हाईक मिळण्याची चिंता उरली नाही. मार-ए-लागो हे त्यांचेच घर. १९७३ मध्ये त्या वारल्या तेव्हा अध्यक्ष आणि परदेशी पाहुणे यांच्या वापरासाठी म्हणून त्यांनी ते सरकारला ठेवले. देखभालीचा खर्च सरकारला जड झाला आणि १९८१ मध्ये वास्तू त्यांच्या प्रतिष्ठानाकडे परत गेली. १९८५ मध्ये ती ट्रम्प यांनी विकत घेतली आणि १९९५ पासून तिथे खासगी क्लब चालू झाला.

समारंभाच्या बाजूने पहिला मुद्दा पैशाचा, आणि तो वाटतो त्यापेक्षा वजनदार आहे. देणगीदाराला साधारणपणे दिसेल अशा गोष्टीला पैसे द्यायला आवडते: शाळेची खोली, रुग्णवाहिका, नाव कोरलेली पाटी. गोदामाचे भाडे, ट्रकचे डिझेल, हिशेबनिसाचा पगार, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण यांना दाता सापडत नाही. पण वादळ येते तेव्हा मदत पोहोचते ती याच गोष्टींच्या जोरावर, कारण त्या आधीपासून तयार असतात. मेजवानीतून येणारा पैसा बहुधा अमुकच कामाला वापरा, अशा अटीविना येतो. संस्थेच्या दृष्टीने असा मोकळा रुपया अटी घातलेल्या दोन रुपयांपेक्षा उपयोगी असतो. चक्रीवादळांच्या वाटेवर असलेल्या फ्लॉरिडात तर हे आणखी लागू पडते.

दुसरा मुद्दा माणसांचा. अशा रात्रीमागे समितीच्या सदस्यांचे, त्यातही स्त्रियांचे, कित्येक महिन्यांचे विनावेतन काम असते. यादी करणे, घरोघरी फोन करणे, मेजांचे प्रायोजक मिळवणे हे सगळे त्याच करतात. त्यांना हौशी म्हणून हिणवले जाते, पण निधी उभारणीची खरी मेहनत त्यांचीच असते. आणि एकदा समितीत आलेला धनिक पुढे विश्वस्त होतो, मृत्युपत्रात संस्थेची आठवण ठेवतो, असेही घडते. एका रात्रीच्या जमाखर्चात ही मिळकत दिसत नाही.

तिसरा मुद्दा मुत्सद्द्यांचा. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात राजदूतावासाची कामे सांगितली आहेत. त्यांत दोन देशांतील मैत्री वाढवणे आणि आर्थिक, सांस्कृतिक, वैज्ञानिक संबंध जोपासणे हेही आहे. म्हणजे मेजवानीला जाणे ही राजदूताची चैन नव्हे, कामाचा भाग आहे. मोठ्या देशाच्या राजदूताला मंत्री, उद्योगपती, बँकर आपणहून भेटतात. दोन-चार अधिकाऱ्यांच्या बळावर चालणाऱ्या छोट्या देशाच्या राजदूतावासाला मात्र अशी एक रात्र वर्षभराच्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त ओळखी देऊन जाऊ शकते. समान पंगतीत बसण्याची संधी दुबळ्याला अधिक मोलाची असते, हे टीकाकार सहसा लक्षात घेत नाहीत.

आता दुसरी बाजू. तिकिटाचा पैसा म्हणजे देणगी नव्हे, हे अमेरिकेच्या करखात्यानेच मान्य केलेले आहे. ७५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेऊन त्या बदल्यात जेवण किंवा करमणूक दिली, तर त्या पाहुणचाराची अंदाजे किंमत किती, हे संस्थेने देणाऱ्याला लेखी कळवावे लागते. करसवलत मिळते ती फक्त वरच्या रकमेवर. समजा, तिकीट १,००० डॉलरचे आणि जेवणाची किंमत ३०० डॉलर. तर दान ७०० डॉलरचेच. लग्नात आहेराच्या पाकिटातून पंगतीचा खर्च वजा करून पाहिला, तर वधूवरांच्या हाती नक्की काय पडले ते कळेल, तसाच हा हिशेब आहे. फरक इतकाच, की इथे तो कायद्याने करावा लागतो. शिवाय निधी उभारणीच्या कार्यक्रमांतून १५,००० डॉलरहून अधिक जमा झाले, तर संस्थेला वार्षिक विवरणपत्राच्या एका स्वतंत्र परिशिष्टात एकूण जमा आणि थेट खर्च दोन्ही दाखवावे लागतात, आणि ते विवरणपत्र कोणालाही पाहता येते.

माहिती उघड करण्याची सक्ती आहे. खर्चावर मर्यादा मात्र नाही. काही राज्यांनी व स्थानिक प्रशासनांनी ती घालून पाहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८०, १९८४ आणि १९८८ अशा तीन निकालांत टक्केवारीच्या या मर्यादा रद्द केल्या. देणगी मागणे हे अभिव्यक्तीचेच रूप आहे आणि खर्चाचे प्रमाण जास्त म्हणजे फसवणूक, असे गृहीत धरता येत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. ते चुकीचे नाही. नव्या किंवा लोकांना न रुचणाऱ्या कामासाठी पैसा गोळा करणाऱ्या संस्थेचा खर्च सुरुवातीला जास्त असणारच. पण परिणाम असा, की फुलांवर, वाद्यवृंदावर, सभागृहावर किती उधळायचे, याचा निर्णय सर्वस्वी आयोजकांच्या सदसद्विवेकावर राहिला.

इथे आपला संबंध येतो. मुंबईतील झोपडपट्ट्यांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ मध्ये उभी केलेली ‘प्रथम’ ही संस्था आज देशभर काम करते. तिच्या अमेरिकेतील शाखेच्या ह्यूस्टन, न्यूयॉर्क इत्यादी शहरांतील वार्षिक मेजवान्या निधीचा महत्त्वाचा स्रोत आहेत. त्या पंगतींत मराठी माणसेही असतात. परदेशातील मेजवान्यांतून उभा राहिलेला असा पैसा भारतात येतो तो परदेशी योगदान नियमन कायद्याच्या चौकटीतून. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच तो प्रथम स्वीकारावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे.

या दोन व्यवस्था शेजारी ठेवून पाहाव्यात. पैसा गोळा करणाऱ्या टोकाला मेजावरच्या ऑर्किडला मर्यादा नाही. पैसा खर्च करणाऱ्या टोकाला, मराठवाड्यातल्या एखाद्या केंद्राच्या समन्वयकाचा पगार किंवा कार्यालयाचे भाडे २० टक्क्यांत बसवावे लागते. काटकसरीचा सगळा उपदेश मदत पोहोचवणाऱ्याला आणि सगळी मोकळीक मदत मागणाऱ्याला, असा हा उलटा न्याय आहे. मेजवानीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. हिऱ्यांचे हार डोळ्यांत खुपतात, पण ते ज्याचे त्याचे असतात. समारंभाचा खर्च मात्र गरजूंच्या नावाने आलेल्या पैशातून वजा होतो.

मग श्रीमंतांची मेजवानी बंद करून सामान्यांच्या छोट्या देणग्यांवर सगळे चालवावे का? आपल्याकडे दर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, १९४९ पासून. छातीला छोटा झेंडा लावणारा विद्यार्थी आणि मोठा धनादेश देणारा उद्योजक तिथे एकाच रांगेत असतात. नैतिकदृष्ट्या हा मार्ग सुंदर आहे. पण छोटी देणगी म्हणजे आपोआप चांगला हिशेब, असे समजण्याचे कारण नाही.

त्याचा दाखला याच अमेरिकन रेड क्रॉसने दिला. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा मोबाइलवरून एक शब्द पाठवून १० डॉलर देण्याची सोय झाली आणि केवळ त्या मार्गाने ३.२ कोटी डॉलरहून अधिक जमले. हैतीसाठी संस्थेकडे आलेली एकूण रक्कम सुमारे ४८.८ कोटी डॉलर होती. २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या वृत्तसंस्थांनी शोध घेऊन लिहिले, की या एवढ्या पैशातून कायमची घरे उभी राहिली ती फक्त सहा. संस्थेने हा निष्कर्ष नाकारला. तात्पुरता निवारा, पाणी, रुग्णालये, कॉलऱ्याविरुद्धची मोहीम यांकडे तिने बोट दाखवले. त्यात तथ्य होते, पण कोणत्या कामाला किती, याचा तपशील सहज मिळत नव्हता ही तक्रार उरलीच. दहा-दहा डॉलर देणाऱ्या लक्षावधी लोकांना जाब विचारता आला नाही, कारण ते विखुरलेले होते. मेजवानीत पहिल्या मेजावर बसलेला देणगीदार पुढच्या वर्षी तोंडावर विचारू शकतो. तो विचारतोच असे नाही, पण त्याला विचारता येते.

म्हणून पैशाच्या बाजूने निकाल असा लागतो: मेजवानीचा मार्ग टाकाऊ नाही, पण त्याची किंमत उघड असायला हवी. मैत्रीच्या बाजूचा निकाल देणे मात्र अधिक कठीण आहे.

कारण नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असले, तरी पाम बीचच्या समारंभाचा पैसा गोळा करणारी संस्था अमेरिकन आहे आणि तिचे बहुतेक काम अमेरिकेतले आहे. १८८१ मध्ये क्लारा बार्टन यांनी स्थापन केलेली ही संस्था आज वर्षाला सुमारे ३ अब्ज डॉलरचा कारभार करते आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा रक्त व रक्तघटक पुरवण्याच्या सेवेतून येतो. यात गैर काही नाही. पण मग राजदूत तिथे कशासाठी असतात? ज्यांच्या देशांत हा पैसा जाईलच असे नाही, त्यांच्या उपस्थितीमुळे तिकिटाची किंमत वाढते. स्पष्टच बोलायचे तर त्या रात्री विकली जाणारी सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे राजदूताचा सहवास. जेवणाची किंमत करखाते मोजते. या सहवासाची कोणत्याही परिशिष्टात नोंद नाही.

व्हिएन्ना करारानेच राजदूताला वैयक्तिक फायद्यासाठी व्यापार करण्यास आणि यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करण्यास मनाई केली आहे. मेजवानीला जाण्याने यांपैकी कशाचाही भंग होत नाही. मात्र समारंभाची जागा राजकीय ठरते तेव्हा पाहुण्याची उपस्थितीही राजकीय ठरते. जानेवारी २०१७ मध्ये मार-ए-लागोच्या नव्या सदस्यत्वाचे शुल्क १ लाखावरून २ लाख डॉलरवर गेले होते. अध्यक्षांच्या मालकीच्या, नफ्यावर चालणाऱ्या क्लबात परदेशी राजदूताने धर्मादाय कारणासाठी जेवणे हे सौजन्य, की मालकाला खूश ठेवणे? राजदूताच्या मनात काय आहे, ते बाहेरून ओळखता येत नाही. आणि बाहेरून ओळखता येत नाही, एवढीच अडचण पुरेशी आहे.

रेड क्रॉसला ही अडचण इतरांपेक्षा जास्त बोचणारी होती. १९६५ मध्ये व्हिएन्नात या चळवळीने सात मूलभूत तत्त्वे स्वीकारली: मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता आणि सार्वत्रिकता. युद्धात दोन्ही बाजू तिच्या वाहनांना वाट देतात ती या तत्त्वांवरच्या विश्वासापोटी. फेब्रुवारीत संस्थेच्या बाजूने एक गोष्ट सांगता येण्यासारखी होती. अमेरिकेचे अध्यक्ष हे परंपरेने अमेरिकन रेड क्रॉसचे मानद अध्यक्ष असतात, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. त्यांची उपस्थिती नाकारणे हीच तटस्थता सोडणे ठरले असते. पण ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिलमध्ये वर्णद्वेष्ट्यांच्या मेळाव्यात हिंसाचार झाला, त्यावर अध्यक्षांनी केलेल्या विधानांनी देशात संताप उसळला आणि एकामागून एक संस्थांनी मार-ए-लागोतील आपले समारंभ रद्द केले. क्लीव्हलँड क्लिनिक, अमेरिकन कॅन्सर सोसायटी, साल्व्हेशन आर्मी यांच्याबरोबर अमेरिकन रेड क्रॉसनेही ती जागा सोडली. आपले स्वयंसेवक, कर्मचारी आणि पाठीराखे यांना या वादाचा त्रास होत आहे, हे तिने कारण दिले.

ही माघार म्हणजे दबावापुढे झुकणे, असे काहींनी म्हटले. त्या म्हणण्यात थोडा अंश खरा आहे: जागा बदलणे हीही एक भूमिकाच. तरी माझ्या मते निर्णय योग्य होता, फक्त उशिरा आला. तटस्थतेचा अर्थ सत्तेच्या घरी जेवायला बसणे असा होत नाही. अध्यक्षांना आपल्या दारी पाहुणे म्हणून बोलावता येते. समारंभाचा यजमान, जागामालक आणि मानद अध्यक्ष एकच माणूस असू नये, हा साधा नियम आधीच केला असता, तर ऑगस्टमध्ये घाईने माघार घेण्याची वेळ आली नसती. हा नियम कोणत्याही पक्षाच्या अध्यक्षाला लागू व्हावा, आणि कोणत्याही देशातल्या मुख्यमंत्र्याला किंवा उद्योगपतीलाही.

सगळे तोलून पाहता, राजदूतांच्या साक्षीने होणाऱ्या अशा मेजवान्या बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. त्या मोकळा पैसा आणतात, कामसू स्वयंसेवकांना एकत्र ठेवतात आणि छोट्या देशांना एक दार उघडून देतात. पण त्यांना तीन अटी घालायला हव्यात. पहिली: एकूण जमा, समारंभाचा खर्च आणि कामाला गेलेली रक्कम हे तीन आकडे पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवरच छापावेत, ते विवरणपत्राच्या परिशिष्टात शोधायला लावू नयेत. दुसरी: समारंभ सत्तेवरील व्यक्तीच्या मालकीच्या जागेत होऊ नये. तिसरी: नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असेल, तर निधीचा ठरावीक हिस्सा सीमेपलीकडे गेलाच पाहिजे, आणि ज्यांच्या राजदूतांना बोलावले त्यांच्या देशांतील रेड क्रॉस किंवा रेड क्रिसेंट संस्थांना तो मागण्याचा हक्क असावा. मैत्री ही भाषणाची गोष्ट राहू नये, हिशेबात दिसावी.

या अटी कायद्याने लादणे कठीण आहे. खर्चावर मर्यादा घालण्याची वाट तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदच केली आहे. त्या घालू शकतो तो तिकीट घेणारा. परदेशात राहणारे अनेक मराठी वाचक दरवर्षी कोणत्या ना कोणत्या मेजवानीला जातात, मेज घेतात, भारतातल्या एखाद्या कामासाठी धनादेश लिहितात. त्यांनी ते जरूर करावे. फक्त धनादेश देण्याआधी गेल्या वर्षीचे ते तीन आकडे मागावेत, आणि मिळाले नाहीत तर मेजाचे पैसे वाचवून ती रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरावी.